जिप्सम बोर्डाचे सांधे आणि आतले कोपरे: घरच्या घरी दुरुस्ती

फ्लॅटमधल्या फॉल्स सीलिंगवर दोन-तीन वर्षांनी केसासारखी बारीक पण पट्टीने आखावी तशी सरळ रेघ उमटते. रंगारी येतो, तिच्यात लांबी भरतो, वरून रंगाचा हात मारतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती रेघ त्याच जागी परत हजर होते. प्लास्टरला पडलेली भेग वेडीवाकडी जाते. इतकी सरळ रेघ दिसली की ती दोन बोर्डांमधल्या सांध्याची आहे असे समजावे. सांध्यावर लावलेली टेप सुटलेली असते किंवा मुळात लावलेलीच नसते, आणि बोर्ड किंचित हलले तरी वरची लांबी तडकते. त्यामुळे अशी भेग नुसती बुजवून भागत नाही, तो सांधा उघडून पुन्हा बांधावा लागतो. काम अवघड नाही. मात्र त्याला तीन-चार दिवस द्यावे लागतात आणि त्यातला बहुतेक वेळ वाळण्याची वाट पाहण्यात जातो.

आधी बोर्डाची रचना समजून घेऊ, कारण पुढची प्रत्येक कृती तिच्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे सीलिंगला साधारणपणे 12.5 मिलिमीटर जाडीचे बोर्ड वापरतात. दोन बाजूंना जाड कागद आणि मध्ये जिप्समचा गाभा असतो. बोर्डाच्या लांब कडा किंचित उतरत्या केलेल्या असतात. असे दोन बोर्ड शेजारी आले की मध्ये उथळ पन्हळ तयार होते, आणि टेप व कंपाउंड (सांधा भरायची खास लांबी) त्या पन्हळीत मावल्यामुळे पृष्ठभाग सपाट राहतो. आखूड कडांना आणि कापलेल्या कडांना हा उतार नसतो. तिथे टेप लावली की थोडा उंचवटा येणारच, आणि तो लपवण्याची युक्ती वेगळी आहे. बोर्ड वरच्या पत्र्याच्या सेक्शनला, म्हणजे लांब आडव्या पट्ट्यांना, स्क्रूने बसवलेले असतात. ही सेक्शन सहसा 457 मिलिमीटर, म्हणजे दीड फुटाच्या अंतराने असतात.

भेग का पडली, हे आधी पाहावे

शिडीवर चढून भेगेच्या दोन्ही बाजूंना तळहाताने हलकेच वर दाबावे. बोर्ड वर जाऊन परत खाली येत असेल, किंवा बारीक करकर ऐकू येत असेल, तर स्क्रू ढिले झालेले आहेत किंवा त्यांची डोकी कागद फाडून आत गेलेली आहेत. बोर्ड घट्ट असेल आणि रेघेच्या शेजारी रंग पट्टीसारखा उचललेला दिसत असेल, तर दोष टेपचा आहे. भेगेभोवती पिवळट वर्तुळ किंवा डाग असेल, तर वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर, एसीची निचऱ्याची नळी किंवा गच्ची यांपैकी कुठून तरी पाणी येत आहे. ते थांबल्याशिवाय आणि बोर्ड पूर्ण वाळल्याशिवाय दुरुस्तीला हात लावण्यात अर्थ नाही. ओलीने बोर्ड फुगून मऊ पडला असेल, बोटाने दाबल्यावर खळगा पडत असेल, तर तेवढा तुकडा बदलावा लागतो.

पार्टिशनमध्ये दाराच्या वरच्या कोपऱ्यातून निघणारी भेग ही आणखी एक नेहमीची तक्रार. दार आपटण्याचा सगळा मार त्या कोपऱ्यावर येतो, आणि बोर्ड लावणाऱ्याने सांधा नेमका चौकटीच्या रेषेत घेतलेला असला तर तिथे भेग पडणे जवळपास ठरलेलेच असते. अशा ठिकाणी टेप तर नवी लावावीच, पण दाराला रबराचा थांबाही बसवावा. पंख्याच्या बाबतीतही हेच पाहावे. पंखा स्लॅबच्या हुकाला टांगलेला हवा, आणि त्याचा दांडा बोर्डाला कुठेही घासता कामा नये.

सामान

पुट्टीचे दोन पत्रे लागतात, एक चार इंची आणि एक दहा किंवा बारा इंची. त्यांची कड सरळ असणे सर्वांत महत्त्वाचे. दुकानातच पत्रा डोळ्यासमोर आडवा धरून पाहावा, कारण वाकलेल्या कडेचा पत्रा प्रत्येक फेरीत एक चर पाडत जातो. त्याशिवाय पाते बदलता येणारा कटर, फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, 25 मिलिमीटरचे काळे ड्रायवॉल स्क्रू, 150 आणि 220 नंबरचा पॉलिश पेपर, रंगाचा ब्रश, स्पंज आणि प्लॅस्टिकचे घमेले एवढे पुरते. धुळीसाठी एन-95 मास्क आणि चष्मा लागतोच. वर मान करून घासताना धूळ सरळ डोळ्यांत येते, हे एकदा अनुभवले की चष्मा कोणी विसरत नाही.

टेप दोन प्रकारची मिळते. जाळीची फायबर टेप एका बाजूने चिकट असते, ती लावायला सोपी म्हणून नवखे लोक तीच घेतात. कागदी टेप कंपाउंडमध्ये बसवावी लागते, त्यामुळे तिला सराव लागतो. सपाट सांध्यावर, पाणी घालून कालवण्याच्या आणि लवकर घट्ट होणाऱ्या कंपाउंडबरोबर, जाळीची टेप चालते. आतल्या कोपऱ्यात मात्र कागदीच घ्यावी. तिच्या मधोमध घडी घालण्यासाठी रेषा दाबलेली असते, त्यामुळे ती कोपऱ्यात काटकोनात बसते. जाळीची टेप तिथे गोलाई घेते. आणायचीच तर दोन्ही कामांना चालते म्हणून मी कागदीच सुचवीन.

भिंतीसाठी मिळणारी पांढऱ्या सिमेंटची पुट्टी या सांध्यांसाठी घेऊ नये. सिमेंटच्या भिंतीवर ती उत्तम, पण बोर्डाच्या हलत्या सांध्यावर ती ठिसूळ ठरते आणि पहिल्यांदा तीच तडकते. दुकानात ‘जिप्सम बोर्डाचे जॉइंटिंग कंपाउंड’ असे स्पष्ट सांगून मागावे. ते तयार बादलीतही मिळते आणि भुकटीच्या पिशवीतही. भुकटी कालवताना आधी घमेल्यात पाणी घ्यावे आणि भुकटी त्यावर भुरभुरत सोडावी. उलट केले तर गुठळ्या होतात. टेप बसवायला ते घट्ट दह्याइतके आणि वरच्या हातांना थोडे सैल असावे. घट्ट होऊ लागलेल्या कंपाउंडमध्ये पाणी घालून ते पुन्हा सैल करू नये, त्याची ताकद गेलेली असते. घमेले दर वेळी स्वच्छ धुवावे, कारण आधीच्या कालवणातले जिप्समचे घट्ट झालेले कण नव्यात राहिले की ते कालवण भराभर आळते. पीओपीचे काम करणाऱ्या कारागिरांच्या हे अंगवळणी पडलेले असते. धुतलेले पाणी मोरीत ओतू नये, ते पाइपात बसून घट्ट होते. बादलीत निवळू द्यावे आणि तळाचा गाळ कचऱ्यात टाकावा.

सांधा उघडणे

काम सुरू करण्यापूर्वी त्या खोलीच्या दिव्यांचा एमसीबी खाली पाडावा, खाली प्लॅस्टिक अंथरावे आणि शिडीचे चारही पाय टेकले आहेत ना ते पाहावे. भेगेच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन इंचांवर कटरने रंगात हलकी चीर द्यावी, म्हणजे सुटी टेप ओढताना शेजारचा चांगला रंग तिच्याबरोबर उचलला जाणार नाही. कटर खोल घालू नये. बोर्डाचा कागद कापला गेला तर त्याची पकड जाते, शिवाय सीलिंगच्या वर वायरी पसरलेल्या असतात. सुटलेली टेप एका टोकाला पत्र्याने उचलावी आणि सपाट मागे ओढत जावी. जिथे ती खरोखर घट्ट चिकटलेली आहे तिथे थांबावे. ओढताना सहज निघणारी टेप जाऊ द्यावी आणि न निघणारी तिथेच कापून ठेवावी. सांध्यातली सुटी भुकटी ब्रशने झाडावी. कुठे बोर्डाचा वरचा कागद फाटून खालचा तपकिरी थर उघडा पडला असेल, तर त्यावर पाण्याच्या प्रायमरचा पातळ हात मारून वाळू द्यावा, कारण उघडा कागद ओल्या कंपाउंडने फुगून त्याचे फोड येतात.

आता स्क्रू. ढिल्या बोर्डासाठी जुन्या स्क्रूपासून दीड-दोन इंचांवर, त्याच सेक्शनच्या रेषेत, नवा स्क्रू घालावा. घालताना दुसऱ्या हाताने बोर्ड वर दाबून धरावा आणि मग जुना सुटलेला स्क्रू काढून टाकावा. सीलिंगवर स्क्रूंमधले नेहमीचे अंतर 230 मिलिमीटर, म्हणजे नऊ इंच असते. कागदाने मढवलेल्या कडेपासून निदान 10 आणि कापलेल्या कडेपासून 15 मिलिमीटर आत स्क्रू घ्यावा. स्क्रूचे डोके कागदात किंचित रुतले पाहिजे, पण कागद फाटता कामा नये. हाताचा स्क्रूड्रायव्हर सावकाश चालतो आणि शेवटच्या अर्ध्या फेऱ्यावर आपला ताबा राहतो. ड्रिल मशिनने नवखा माणूस हमखास डोके आत घालवतो. स्क्रू कितीही फिरवला तरी पकडत नसेल, तर तो सेक्शन चुकवून पोकळीत गेला आहे. तो काढून जागा बदलावी.

टेप आणि तीन हात

सांध्यात एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल, तर ती आधी कंपाउंडने भरून वाळू द्यावी. मग चार इंची पत्र्याने सांध्यावर टेपपेक्षा थोडा रुंद असा कंपाउंडचा सलग थर द्यावा. थर सगळीकडे हवा. जिथे कोरडी जागा राहील तिथे टेपखाली फुगा धरतो. टेप आधीच मापाने कापून ठेवावी, मधोमध ठेवून बोटांनी टेकवावी, आणि मग पत्रा तिरका धरून मध्यापासून टोकाकडे एकाच दाबाने फिरवावा. टेपखालून जास्तीचे कंपाउंड दोन्ही बाजूंनी बाहेर येते, ते उचलून घ्यावे. इथे दाब किती द्यायचा हे हाताला समजायला दोन-चार फूट जावे लागतात. टेपखाली कागदाच्या जाडीइतके तरी कंपाउंड राहिले पाहिजे. सगळे पिळून काढले तर टेप कोरडी राहते आणि वाळल्यावर कडेने उचलते. टेपवर लगेच पातळ हात ओढून ती नुसती झाकावी आणि काम त्या दिवसापुरते थांबवावे.

तयार बादलीतले कंपाउंड वाळायला साधारण 24 तास धरावेत. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात दुप्पट वेळही लागतो, म्हणून हे काम पाऊस संपल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात काढणे सोयीचे. भुकटीचे कंपाउंड किती वेळात घट्ट होते ते पिशवीवर लिहिलेले असते, पण घट्ट होणे आणि वाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओल्या कंपाउंडचा रंग गडद दिसतो, वाळले की पांढरे पडते. शंका असेल तर हाताची पाठ टेकवून पाहावी. गार लागले तर आत अजून ओल आहे. आमच्या बैठकीच्या खोलीत मी पहिल्यांदा हे काम केले ते दिवाळीच्या तोंडावर, आणि दोन हातांमध्ये जेमतेम चार तास सोडले. दिवसा काही वाईट दिसले नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कडेचे छुपे दिवे लावले आणि त्या तिरक्या उजेडात सांध्याच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे शेताच्या बांधासारखे दिसू लागले. पाडव्यानंतर सगळे घासून पुन्हा केले.

दुसरा हात पहिल्यापेक्षा रुंद, साधारण आठ ते दहा इंच, आणि तिसरा बारा इंचांपर्यंत न्यावा. रुंद पत्र्याच्या ज्या कडेला बोर्ड असेल तिथे दाब जास्त आणि मध्ये कमी ठेवला, तर कंपाउंडची कड शून्यावर उतरते आणि बोर्डात मिसळून जाते. आखूड कडांच्या सांध्याला, जिथे पन्हळ नसते, हे हात दोन्ही बाजूंना मिळून दोन फुटांपर्यंत पसरवावेत. उंचवटा तिथे राहतोच, पण उतार इतका लांबवर पसरतो की डोळ्याला तो जाणवत नाही. प्रत्येक हात पातळ द्यावा. एका जाड हातात काम उरकण्याचा मोह होतो. जाड थर वाळताना आक्रसतो आणि त्यातच नवी भेग पडते. स्क्रूच्या डोक्यांनाही याच वेळी दोन-तीन पातळ हात देऊन घ्यावेत.

आतले कोपरे

आतल्या कोपऱ्यांत दोन प्रकार आहेत आणि ते ओळखण्यात गल्लत झाली की पुढची सगळी मेहनत वाया जाते. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना बोर्ड असेल, उदाहरणार्थ जिप्समचे पार्टिशन आणि जिप्समची सीलिंग, तर तिथे टेप लावायची. एका बाजूला बोर्ड आणि दुसऱ्या बाजूला विटांची किंवा काँक्रीटची भिंत असेल, तर ती दोन्ही उन्हाने आणि ओलीने वेगवेगळ्या मापाने हलतात. तिथे कडक सांधा फार काळ टिकत नाही. ओळखण्यासाठी दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराने टकटक करावे, बोर्डाचा आवाज पोकळ येतो.

बोर्ड-बोर्ड कोपऱ्यात आधी जुनी टेप वर सांगितल्याप्रमाणे काढावी. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच रुंद कंपाउंड लावावे. कागदी टेप मापाने कापून तिच्या मधल्या रेषेवर घडी घालावी. घडीवरून बोटाचे नख एकदा ओढले की ती नेमकी बसते. घडी कोपऱ्यात ठेवून बोटाने वरून खाली टेकवत यावे, आणि मग पत्र्याने आधी एक बाजू आणि नंतर दुसरी, दोन्ही वेळा कोपऱ्यापासून बाहेरच्या दिशेने ओढावी. दाबताना पत्र्याचे टोक घडीत घुसले तर कागद कापला जातो, म्हणून टोक कोपऱ्याच्या बाजूला असले तरी दाब पत्र्याच्या मधल्या भागावर ठेवावा.

नवख्यांचा कोपरा सहसा दुसऱ्या हाताच्या वेळी बिघडतो. एका बाजूला ताजे कंपाउंड ओढून दुसरी बाजू करायला गेले की पत्र्याचे टोक पहिल्या बाजूत चर पाडते. तो चर बुजवायला जावे तर दुसरी बाजू खरवडते, आणि असे करता करता कोपऱ्यात पेढ्याएवढा गोळा जमतो. उपाय सोपा आहे: एका दिवशी एकच बाजू करावी, ती वाळल्यावर दुसऱ्या दिवशी समोरची. वाळलेल्या बाजूवर पत्रा निर्धास्त टेकवता येतो आणि कोपऱ्याची रेघ सुरीने कापल्यासारखी येते. दोन्ही बाजू एकदम ओढणारा काटकोनी पत्रा बाजारात मिळतो, पण तो वापरायला हात बसलेला लागतो; दोन-चार कोपऱ्यांसाठी त्याच्या नादी लागू नये. जिथे तीन कोपरे एकत्र येतात तिथे तीनही टेपांची टोके एकमेकांवर न चढवता एकमेकांना भिडवून कापावीत.

बोर्ड आणि सिमेंटची भिंत यांच्या कोपऱ्यातली जुनी लांबी कटरने काढून फट स्वच्छ करावी. भिंतीवर आणि सीलिंगवर कडेने मास्किंग टेप लावून मध्ये रंग घेणारे अॅक्रिलिक सीलंट गनने भरावे, ओल्या बोटाने एकदाच सलग ओढावे आणि ते ओले असतानाच मास्किंग टेप काढावी. सिलिकॉन सीलंट इथे वापरू नये, त्यावर रंग धरत नाही. अॅक्रिलिक सीलंट वाळल्यावरही लवचीक राहते, त्यामुळे सीलिंग आणि भिंत आपापल्या परीने हलली तरी वरच्या रंगात तडा सहजी दिसत नाही. फट पाच-सहा मिलिमीटरपेक्षा मोठी असेल, तर आत आधी फोमची दोरी दाबून बसवावी. सगळी फट सीलंटने भरायला गेले तर ते मध्ये खचते.

घासणे, प्रायमर, रंग

शेवटचा हात पूर्ण वाळल्यावर लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या 150 नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासावे आणि शेवटी 220 ने. घासताना नजर कडांवर ठेवावी, मध्यावर नव्हे. बोर्डाचा कागद खरवडून त्याचे तंतू उभे राहू लागले तर थांबावे. घरात लहान मुले किंवा दम्याचे कोणी असेल, तर घट्ट पिळलेल्या ओल्या स्पंजने पुसून सारखे करावे. त्याने धूळ उडत नाही, पण हात सावकाश चालवावा लागतो. मग खोलीतले दिवे घालवून टॉर्च सीलिंगला जवळजवळ टेकवून आडवा धरावा. खड्डे सावलीने उठून दिसतात, त्यांच्याभोवती पेन्सिलीने गोल करून तेवढ्यापुरते कंपाउंड लावावे. दिवसाच्या उजेडात उत्तम दिसणारे काम या एका तपासणीत किती वेळा नापास होते, ते पाहून नवल वाटते.

धूळ कोरड्या ब्रशने आणि मग किंचित ओल्या फडक्याने काढावी. उघड्या कंपाउंडवर थेट रंग लावू नये. ते रंग शोषून घेते, शेजारचा जुना रंग शोषत नाही, आणि मग सांध्याची फिकी पट्टी रंगातून दिसत राहते. पाण्याच्या प्रायमरचा एक हात दुरुस्तीच्या बाहेर चार-सहा इंच नेऊन मारावा. त्यावर रंगाचे दोन हात द्यायचे, आणि शक्य असेल तर ते संपूर्ण सीलिंगला. जुन्या पांढऱ्यात नव्या पांढऱ्याचे ठिगळ लपत नाही. सीलंटच्या कोपऱ्यावर ते वाळल्यानंतरच रंग लावावा. तयार बादलीतले उरलेले कंपाउंड सपाट करून त्यावर प्लॅस्टिकचा कागद चिकटवून ठेवावा आणि झाकण घट्ट लावावे, म्हणजे वर खपली धरत नाही आणि पुढच्या सांध्याला ते कामाला येते.